कॉलेज निवडावं पास पाहून

बारावीचा निकाल लागला की देहूरोडच्या घराघरांत कट-ऑफ, प्लेसमेंट आणि 'शेजारच्यानं कुठं घेतलं' एवढ्यावर कॉलेज ठरतं. ज्यांचे पाय डोंगराकडे ओढ घेतात, त्यांनी या चर्चेत नुसती मान डोलवावी आणि खरी निवड गुपचूप करावी. तिची पद्धत अशी.

आधी माहितीपुस्तिकेच्या मुखपृष्ठावरचा डोंगर खरा आहे का, ते फाटकात उभं राहून पाहावं. 1885 सालच्या फर्ग्युसनच्या मागे टेकडी आहे, हे वैभव आम्हाला मान्य. पण घोरावडेश्वर ज्याच्या घरामागे आहे, त्यानं टेकडी चढायला पुण्यात जाणं म्हणजे देहूकरानं कीर्तनासाठी मुंबई गाठणं झालं. सीओईपीला नदी आणि बोट क्लब आहे खरा, मात्र वल्हं हाती यायचं तर आधी सीईटीत एवढे पर्सेंटाइल लागतात, की ते मिळवता मिळवता दोन वर्षं ऊन दिसत नाही.

मग हजेरी. नियम 75 टक्क्यांचा, म्हणजे उरलेले 25 टक्के गडांच्या हक्काचे. सहा दिवसांच्या आठवड्यात दीड दिवस पदरात पडतो, त्याला रविवार जोडला की राजमाचीचा मुक्काम बसतो. पहिलं सत्र नेमकं पावसाळ्यात ठेवणाऱ्यांची दूरदृष्टी इथे कळते. (भुशी धरणाच्या पायऱ्यांवर कणीस खाणं मैदानी उपक्रमात मोडत नाही.) एनसीसी अवश्य घ्यावी. तिथे चालणं आणि तंबूत झोपणं यांचीही हजेरी लागते, आणि 'सी' प्रमाणपत्र सैन्यात कामी येतं हे आपल्या कॅन्टोन्मेंटात कुणाला समजावावं लागत नाही, त्यामुळे घरचे गप्प बसतात.

खरा निकष मात्र लोकलचा. विद्यार्थी सवलतीचा पास घर ते कॉलेज एवढाच मिळतो. मुलींना तर तो पदवीपर्यंत मोफत. आकुर्डीचं कॉलेज घेतलंत तर एकच स्टेशन, तेही उलट्या दिशेला. तळेगावचं घेतलंत तर बेगडेवाडी, घोरावाडी, तळेगाव, की पास संपला. सगळी मौज त्याच्या पुढे. कामशेतला लोक पंख लावून डोंगरावरून उडी घेतात. मळवलीला उतरलं की भाजे लेणी, वर लोहगड आणि विसापूर शेजारी शेजारी. त्यातला लोहगड 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेला, तेव्हापासून घरी 'गडावर जातो' असं सांगू नये. 'जागतिक वारशाचा अभ्यास आहे' म्हणावं.

तेव्हा कॉलेज लोणावळ्याचंच घ्यावं. शाखा कोणतीही चालेल, फक्त प्रॅक्टिकल सकाळची नकोत. प्राध्यापकही त्याच गाडीनं येतात, म्हणून मळवलीला उतरायचं असेल त्या दिवशी त्यांचा डबा टाळावा. प्रवेश झाला की पहिल्याच दिवशी ऑफिसातून कन्सेशनच्या फॉर्मवर सही-शिक्का घ्या. त्यावर फक्त 'देहूरोड ते लोणावळा' लिहायचं; मळवलीचा उल्लेख करावा लागत नाही.