एका फळीचा सरंजाम

मिनेसोटातील पेपिन सरोवरावर १९२२ साली राल्फ सॅम्युअलसन या अठरा वर्षांच्या तरुणाने, पिंपाच्या फळ्या निरुपयोगी ठरल्यावर, पाइनच्या दोन साध्या फळ्यांची टोके उकळत्या पाण्यात वाकवून नौकेमागे ओढले जात जलपृष्ठावर उभे राहण्याचा, म्हणजे वॉटर स्कीइंगचा, पराक्रम केला. त्याच्या आजच्या अमेरिकन वारसदारास मात्र, शनिवारी वळसे घेण्यासाठी मांडलेल्या सहा बोयांपैकी चार चुकविण्याकरिता, कार्बन तंतूंची एकच स्की, पायास घट्ट आवळणारे बूट, आणि मागे लाट उठू नये एवढ्याच गुणासाठी (लाट हवी असणाऱ्यांची नौका निराळी!) घराची किंमत मोजून घेतलेली नौका, इतका सरंजाम लागतो. नौकेचा वेग आता यंत्रच राखते. तोल तेवढा अद्याप मालकाच्या जिम्मेस आहे. स्कीची लांबी वजन आणि वेग पाहून ठरते, तेव्हा निदान दुकानदाराशी तरी दोन्ही आकडे खरे बोलावेत, ही विनंती.