काकांचं नाक कसं जुळवावं?

पहिली सूचना : हातानं फोकस करायच्या या कॅमेऱ्याला तुमची काळजी नाही. बटण अर्धं दाबून 'टिक' ऐकू येण्याची वाट पाहिलीत तर लग्न आटोपेल.

हाती निकॉन एफएम२ आहे असं धरू. १९८२ सालचा, बॅटरी मेली तरी शटर मारतो. समोर काका उभे करावेत. ते आपणहून उभे राहतातच.

डोळा व्ह्यूफाइंडरला लावा. मधल्या वाटोळ्यात एक आडवी चीर दिसेल आणि काकांचं नाक दुभंगलेलं : वरचा तुकडा पुण्याला, खालचा साताऱ्याला निघालेला. घाबरू नका. चिरेच्या वर आणि खाली उलटसुलट कललेल्या दोन काचा आहेत. फोकस चुकला की त्या चित्राचे दोन भाग विरुद्ध बाजूंना सरकवतात. भिंगावरची रिंग फिरवा. तुकडे जवळ येतील, जुळतील, मग हौसेनं तुम्ही आणखी जरा फिरवाल आणि नाक पुन्हा फाटेल. असं तीनदा होऊ द्यावं.

मिशीवर फोकस करू नये. चीर आडवी, मिशीही आडवी. काही तुटलेलं कळतच नाही. नाकाचा दांडा, सदऱ्याची बटणपट्टी, दाराची चौकट असं काहीतरी उभं शोधा. नसेल तर कॅमेरा तिरका धरून जुळवा, मग सरळ करा. मंडळी हसतील.

एफ ४.५ किंवा ५.६ चं मंद भिंग असेल तर अर्धं वाटोळं काळं पडतं. तेव्हा भोवतीच्या खरबरीत कड्याकडे पाहा. फोकस नसला की ते लुकलुकतं, साधला की शांत होतं. मला चिरेपेक्षा तेच जास्त भरवशाचं वाटतं.

५० मिमीचं भिंग एफ १.८ वर आणि काका १ मीटरवर असतील तर स्पष्ट येतं ते पुढेमागे मिळून जेमतेम ४ सेंटिमीटर. नाक साधलं की कान गेले. म्हणून डोळा साधावा. किंवा एफ ८ लावून ३ मीटरवर जावं. मग काकूही येतात आणि मागचं कॅलेंडरही. व्ह्यूफाइंडरात मात्र हा फरक दिसत नाही, कारण खटका दाबेपर्यंत भिंग सताड उघडंच असतं.

जुळलं? आता श्वास रोखा. याच क्षणी काका "झालं का रे?" म्हणत एक पाऊल पुढे येतात.

रिंग फिरवा.