वजनदार यश

अमली पदार्थ पकडल्याचा फोटो सगळीकडे एकच असतो. टेबल, त्यावर पांढरी चादर, चादरीवर ओळीने मांडलेले पुडे, शेजारी इलेक्ट्रॉनिक काटा. मागे आठ-दहा अधिकारी ताठ उभे आणि कोपऱ्यात तोंडावर काळा बुरखा चढवलेला एक इसम. बातमीत तीन गोष्टी हमखास: माल किती किलो, आंतरराष्ट्रीय बाजारात किंमत किती कोटी आणि 'पुढील तपास सुरू आहे'. तपास पुढे कुठवर गेला हे छापायला मात्र जागा उरत नाही.

आम्ही सिंधुदुर्गातले मिठबावकर अशा बातम्यांचे लांबचे वाचक. आमच्या वाट्याला बंदोबस्त येतो तो 'सागर कवच'चा. 26/11 नंतर सुरू झालेली ही किनाऱ्याच्या सुरक्षेची रंगीत तालीम. ती चालू असेपर्यंत नाक्यावर डिकी उघडून दाखवायची. संपली की डिकीत काय आहे याच्याशी कुणाला देणंघेणं नाही. दर्यावर नजर ठेवायला सागर रक्षक दल आहे, बोटींना नंबर आहेत, खलाशांना ओळखपत्रं आहेत. एवढा चोख किनारा!

त्या चोख किनाऱ्यावर ऑगस्ट 2023 मध्ये चरस आला. आमच्या वरच्या अंगाला, रत्नागिरी जिल्ह्यात. कर्दे, लाडघर, केळशी, कोळथरे, मुरूड, पलीकडे गुहागर तालुक्यातलं बोऱ्या. कुणी बोटीतून उतरवताना सापडलं नाही. पाकिटांनी लाटांबरोबर आपणहून किनारा गाठला, तोही स्वातंत्र्यदिनाचा मुहूर्त साधून. सीमाशुल्क खात्याने वाळूत वेचणी केली आणि आकडा अडीचशे किलोंच्या घरात गेला. मग रायगडच्या किनाऱ्यावरही तोच प्रकार. त्या वर्षी अधिक मासामुळे नारळी पौर्णिमा लांबली होती, 30 ऑगस्टला आली. आम्ही नारळ वाहण्याआधीच दर्याने आहेर पाठवून दिला.

आता या जप्तीत सरकारी धोरणाचा वाटा किती आणि नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याचा किती? जप्तीच्या तक्त्यात 'समुद्राने दिले' असा रकाना नसतो. किलो ते किलो. शिवाय दोन-अडीचशे किलो चुकून वाहत आले, तर न चुकता किती पोचत असतील, हा प्रश्न काट्यावर ठेवता येत नाही.

खरी मेख तिथेच आहे. माल जास्त सापडला की 'धडक कारवाई'. कमी सापडला की 'तस्करीला आळा'. दोन्ही उत्तरांना पैकीच्या पैकी गुण. अशी परीक्षा मिळाली असती तर आमच्या वेळचे सगळे दहावी नापास आज कलेक्टर असते.

धोरण चालतंय की नाही हे ओळखायला साधी गोष्ट विचारावी: पुडी महागली का? देवगडात मोहोर जळला की हापूसच्या पेटीचा भाव चढतो, त्यासाठी तज्ज्ञांची समिती नेमावी लागत नाही. तसंच शेकडो किलो माल खरोखर बाजारातून उठला असेल तर गल्लीतल्या पुडीचा भाव चढायला हवा, ती मिळायला कठीण व्हायला हवी. पण पत्रकार परिषदेत गल्लीतला भाव कुणी सांगत नाही. तिथे आंतरराष्ट्रीय बाजारातलाच भाव सांगतात, कारण त्याने मथळा मोठा होतो.

या खात्यांना 2 ऑक्टोबर ही तारीख विशेष मानवते. 2 ऑक्टोबर 2021 ला मुंबईहून गोव्याला निघालेल्या क्रूझवर केंद्राच्या अमली पदार्थविरोधी विभागाचा, एनसीबीचा छापा पडला. 13 ग्रॅम कोकेन, 5 ग्रॅम एमडी, 21 ग्रॅम चरस, 22 गोळ्या. महिनाभर देशाने टीव्हीवर दुसरं काही पाहिलं नाही. फिल्मी बापाच्या ज्या तरुण मुलासाठी कॅमेरे लागले होते त्याचं नाव पुढच्या मे महिन्यातल्या आरोपपत्रात नव्हतंच. त्याच्याविरुद्ध पुरेसा पुरावा सापडला नाही. छाप्याच्या आधीच्याच सप्टेंबरात गुजरातच्या मुंद्रा बंदरात टाल्कच्या नावाखाली आलेलं जवळपास 3,000 किलो हेरॉइन सापडलं होतं. त्या कंटेनरला फिल्मी बाप नव्हता, म्हणून चर्चाही बेताचीच झाली.

दोन वर्षांनी पुन्हा 2 ऑक्टोबर. पुण्याच्या ससून रुग्णालयात महिनोन् महिने 'उपचार' घेत असलेला एमडी प्रकरणातला कैदी पसार झाला. त्याच आठवड्यात मुंबई पोलिसांनी नाशिकजवळच्या शिंदे गावात एमडीचा अख्खा कारखाना उघडा पाडला, त्याच टोळीशी जोडलेला. पुण्याचा कैदी, पुण्याचं इस्पितळ, नाशिकचा कारखाना आणि पत्ता लागला मुंबईला. गांधी जयंतीला राज्यात ड्राय डे असतो, तेवढा मात्र दोन्ही साली कडक पाळला गेला असणार.

एमडी म्हणजे मेफेड्रोन. त्याला अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणलं फेब्रुवारी 2015 मध्ये. फेब्रुवारी 2024 मध्ये पुणे पोलिसांनी दौंडजवळच्या कुरकुंभ एमआयडीसीवर छापा घातला. तो आणि त्याला जोडून झालेले छापे मिळून माल दीड हजार किलोंच्या वर, किंमत साडेतीन हजार कोटींच्या वर. नऊ वर्षांच्या बंदीत या धंद्याने चोरट्या पुडीपासून औद्योगिक वसाहतीपर्यंत मजल मारली. आमच्या आंबा-काजू प्रक्रियावाल्यांना नऊ वर्षांत वीजजोडणी मिळाली तरी ते सत्यनारायण घालतात.

यावर सरकारचा उपाय काय? आणखी कडक कायदा. जुलै 2025 मध्ये अमली पदार्थांचे गुन्हे 'मोक्का'च्या, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याच्या कक्षेत आणणारं विधेयक विधिमंडळाने मंजूर केलं. कायदा आधी मऊ होता अशातला भाग नाही. 1985 चा एनडीपीएस हा अमली पदार्थांचा कायदा जामीन मिळू नये म्हणूनच प्रसिद्ध आहे. त्यात काही गुन्हे पुन्हा केल्यास सक्तीची फाशी होती. ती सक्ती मुंबई उच्च न्यायालयाने 2011 मध्ये काढली. फाशीला न घाबरलेला मोक्काला घाबरेल, असा सरकारचा भाबडा विश्वास दिसतो.

मोक्का आमच्या जिल्ह्याला नवा नाही. 2022 मध्ये तेव्हाचे उत्पादन शुल्क मंत्री शंभूराज देसाई यांनी गोव्याची दारू वारंवार आणणाऱ्यांवर मोक्का लावण्याचा इशारा दिला होता. गोव्याची बाटली हाच सिंधुदुर्गाचा खरा अमली पदार्थ. बांद्याजवळ इन्सुलीला तपासणी नाका आहे, तिथे अधूनमधून टेम्पो पकडला जातो, खोक्यांचा फोटो येतो. बाकी व्यवहार मालवणीत एका ओळीत मावतो: नाको एक, वाटो धा.

त्यात जून 2025 मध्ये सरकारनेच या धंद्याला हातभार लावला. भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क निर्मितीखर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट केलं. अशा वाढींतून तिजोरीत 14,000 कोटी जादा येतील असा अंदाज. येतीलही. पण इथली बाटली जेवढी महाग, तेवढा गोव्याच्या बाटलीमागे नफा जास्त, हे हिशेबाचं साधं गणित दोडामार्गच्या चौथीतल्या पोरालाही येतं. दारू रोखायची एकाच खात्याने आणि दारूतून महसूल वाढवायचाही त्याच खात्याने. त्या खात्याने डाव्या हाताने उजवा हात पकडावा, अशी आपली अपेक्षा.

आणि आपला कायदा? महाराष्ट्र दारूबंदी कायदा, 1949. होय, महाराष्ट्रात आजही कागदावर दारूबंदी आहे. प्यायची तर परवाना लागतो: एका दिवसाचा 5 रुपये, आयुष्यभराचा 1,000 रुपये. परवान्यावर कारण दिलेलं असतं, आरोग्य राखण्यासाठी. मिठबावच्या तिठ्यावर संध्याकाळी आरोग्य राखून झाल्यावर स्वतःच्याच घरचा रस्ता विचारणारी माणसं मी पाहिली आहेत.

पकडापकडीत ज्याचं नाव शेवटी येतं तो म्हणजे पिणारा, ओढणारा, टोचून घेणारा. एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल 2019 मध्ये आला. त्यात दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्यांपैकी 38 जणांत एकालाच कसलेतरी उपचार मिळाल्याचं दिसलं. उरलेले 37 कुठे जातात? आमच्याकडचं उत्तर मला ठाऊक आहे. ते देवळात जातात, म्हणजे त्यांची आई जाते. गुरव गाऱ्हाणं घालतो, "ह्या लेकराच्या हातातली बाटली सुटांदे रे म्हाराजा", आणि मागे उभे चार जण "व्हय म्हाराजा" म्हणतात. काही जण माळ घालतात, त्यातल्या काहींची खरंच सुटते. देवाला अनुदान नाही, कर्मचारी भरती नाही, तरी कामाचा बोजा सगळा त्याच्याच अंगावर.

एनडीपीएसमध्ये कलम 64 अ आहे. व्यसनी माणूस स्वखुशीने उपचाराला तयार झाला तर सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात त्याच्यावर खटला चालत नाही. चांगलं कलम आहे. पण त्याचा लाभ घ्यायचा म्हणजे पोलिसांसमोर उभं राहून आधी 'मी घेतो' असं कबूल करायचं. जिथे कुणाच्या घरी कोणते मासे शिजले हे दुपारपर्यंत वाडीभर होतं, तिथे हे धाडस कोण करील? शिवाय कारवाईला पंच लागतात, पंचाला ओरोसच्या कोर्टात तारखांना जावं लागतं. पोलिसांची गाडी आली की गावातली सगळी शहाणी माणसं अचानक बागेत शिंपणं करायला निघतात, भर पावसातसुद्धा.

गोव्याच्या जुन्या मालकांनी वेगळा मार्ग धरला. पोर्तुगालमध्ये 2001 पासून दहा दिवसांपुरता माल स्वतःसाठी बाळगणारा कोर्टात जात नाही, एका समितीपुढे जातो. तिथे कायदा, आरोग्य, समाजकार्य जाणणारी माणसं त्याला उपचारांकडे वळवू पाहतात. विकणाऱ्याला मात्र तुरुंगच. तिथेही सगळं आलबेल नाही. पण तिथल्या माणसांनी किती मेले, किती उपचाराला आले, किती जणांना सुयांमधून एचआयव्ही झाला, हे मोजायला घेतलं. हे आकडे वाईटही येऊ शकतात. म्हणून ते आपल्याकडे टेबलावर मांडत नाहीत.

दर 26 जूनला अमली पदार्थविरोधी दिन असतो. शाळांची प्रभातफेरी निघते, ऐन आर्द्राच्या पावसात, पुठ्ठ्याच्या फलकांना प्लास्टिक गुंडाळून. फेरी बाजारातून, टपरीवरून जाते. टपरीवर गुटखा मिळतो. गुटख्यावर महाराष्ट्रात जुलै 2012 पासून बंदी आहे. अन्नसुरक्षा कायद्यानुसार ही बंदी एका वेळी एकाच वर्षासाठी घालता येते, त्यामुळे अन्न व औषध प्रशासनाला दरवर्षी नवा आदेश काढून ती वाढवावी लागते. टपरीवाल्याला अशी वर्षाला मुदतवाढ घ्यावी लागत नाही.