सावलीवाले साहेब

भोसरीच्या एमआयडीसीतल्या बऱ्याच कारखान्यांत एक 'फाइव्ह एस'वाले साहेब असतात. हातात लेबल छापायचं यंत्र आणि तोंडात कामाच्या जागेच्या शिस्तीचे पाच जपानी शब्द: सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सू, शित्सुके. यातल्या दुसऱ्या शब्दावर, म्हणजे प्रत्येक वस्तूच्या ठरलेल्या जागेवर, त्यांचा विशेष जीव. त्यातूनच शॅडो बोर्डचं खूळ.

भिंतीवर फळा आणि फळ्यावर प्रत्येक पान्याची हुबेहूब सावली. पाना उचलला की सावली उघडी पडते, काय गायब आहे ते लांबूनही दिसतं. कल्पना साधी आणि खरोखर चांगली. पण साहेबांना साधं चालत नाही. त्यांना दुरंगी फोम हवा. वर काळा, खाली भडक पिवळा, हत्याराच्या मापाने मशीनवर कापलेला. कोटेशन पाहून मालक चष्मा कपाळावर चढवतात.

"यात पाने धरून ना?"

"नाही सर, नुसते खड्डे."

मग साहेब विमानाचा दाखला काढतात, आणि तिथे त्यांचा मुद्दा बिनतोड असतो. इंजिनात पाना राहून गेला तर जिवाशी गाठ. म्हणून विमानाच्या दुरुस्तीत काम संपताना हत्यारांचा हिशेब जुळावाच लागतो. प्रेसचंही तसंच. जपानी अभियंते शिगेओ शिंगो यांनी प्रेसचा साचा, म्हणजे डाय, दहा मिनिटांच्या आत बदलायची पद्धत बसवली. तिच्यात पाना शोधत हिंडायला वेळच नाही. प्रेस उभा राहण्यापेक्षा फोम स्वस्त.

घोळ होतो तो साहेब हाच न्याय मेंटेनन्सच्या फिटरला लावतात तेव्हा. तो दिवसभर फिरता, पाने खांद्यावरच्या पिशवीत. त्यातून १२-१३चा हरवला. नवा आला तो दुसऱ्या कंपनीचा, जरा जाड, खड्ड्यात बसेना. साहेबांनी नव्या फोमचा प्रस्ताव टाइप करायला घेतला. तोवर फिटरने हॅकसॉचं तुटकं पातं काढून खड्डाच रुंद केला. साहेब त्याच्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

खरं तर प्लायवूड आणि मार्करवर हे काम भागतं. अमेरिकेच्या ज्युलिया चाइल्ड या पाककलातज्ज्ञ बाईंच्या स्वयंपाकघरात भांड्यांच्या बाह्यरेषा काढलेला फळा होता. रेषा नवऱ्याने हाताने काढलेल्या. ते स्वयंपाकघर आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. साहेबांना हे सांगितलं तर ते त्यातलं 'स्मिथसोनियन' तेवढं ऐकतात आणि प्रेझेंटेशनमध्ये घालतात.

एक श्रेय मात्र त्यांना द्यायलाच हवं. चक आवळायची किल्ली चकमध्येच विसरून लेथ चालू केला तर ती गोळीसारखी उडते. साहेबांनी प्रत्येक लेथच्या स्विचशेजारी लाल रंगात तिची सावली स्वतः रंगवली, वर हूक ठोकला. आता हूक रिकामा दिसला की ऑपरेटर स्विचला हात लावत नाहीत.

ऑडिटच्या आदल्या संध्याकाळी साहेब सगळे पाने पुसून खड्ड्यांत बसवतात आणि बोर्डच्या काचेच्या दाराला कुलूप घालतात. सकाळी ऑडिटर खूश होऊन फोटो काढतो. मागे फिटर हात पुसत उभा असतो.

"साहेब, किल्ली देता का? तीन नंबरचं मशीन उघडून ठेवलंय."