नाकासमोर

आयुष्यभर नाकासमोर चालणारा माणूस अशी माझी ख्याती. नव्या प्रोग्रेसिव्ह चष्म्याने मला नाकासमोर बघायलाही लावलं.

"वरून लांबचं, मधून मधलं, खालून वाचायचं," चष्मेवाल्याने एकाच काचेत तीन मजले दाखवले. "कडेने जरा हलेल. जिकडे बघायचं तिकडे नाक वळवा. आठ-पंधरा दिवसांत सवय होईल."

सवय करायला मी जेजुरी निवडली. ज्याला धड पायरी दिसत नाही त्याने पायऱ्यांच्याच गावाला निघावं, याला ही 'तुमचं नेहमीचं डोकं' म्हणते.

स्वारगेटहून एसटी सुटली. हिचं अर्धं तिकीट, माझं पूर्ण. दिसत मात्र मला अर्धंच होतं. दिवे घाटात ही म्हणाली, "अहो, मस्तानी तलाव!" मी जुन्या सवयीने नुसती बुबुळं फिरवली. डोळ्याच्या कोपऱ्यात तलाव डुचमळला आणि सांडता सांडता राहिला. नाक वळवलं, तलाव गप्प.

दोष चष्मेवाल्याचा नाही. १९५९ साली फ्रान्समध्ये बर्नार्ड मेतनाझ या इंजिनिअरची ही काच बाजारात आली आणि बायफोकलमधली रेघ गेली. पण नंबर वरून खाली हळूहळू बदलत न्यायचा, तर त्यातला वाकडेपणा कडांना जाऊन साचतो. पाहुणे आले की आपण पसारा कोपऱ्यात ढकलतो, तसंच.

गडाच्या पायथ्याशी मी खाली बघितलं, ते नेमकं वाचायच्या मजल्यातून. पायरी धूसर, फुगलेली आणि उगाचच जवळ आलेली. मी पाय भरपूर उचलला आणि पायरी नव्हती तिथे दणकन आपटला. दुसऱ्या पायाचंही तेच. मान डोलतेय, पाय आपटताहेत. मागचे लोक आदराने थांबले. माझ्या अंगात आलंय असं वाटून एका वाघ्याने दिमडीवर थापसुद्धा मारली.

जेजुरीला नवलाख पायरी म्हणतात. मोजणाऱ्याने नुकताच चष्मा बदललेला असणार. वाटेतल्या दीपमाळा नाक वळवलं की सावधान उभ्या, नजर हलली की वाकून मुजरा. वर पोचलो, 'येळकोट'चा गजर झाला आणि भंडाऱ्याची मूठ थेट चष्म्यावर आली. तिन्ही मजले पिवळे! दिवसभरात पहिल्यांदाच लांबचं-जवळचं सारखं दिसलं.

उतरताना पायऱ्या वरच्या मजल्यातून बघायच्या, म्हणून हनुवटी छातीला टेकवली आणि नववधूसारखा एकेक पाऊल टाकू लागलो. लग्नानंतर आम्ही इथे आलो, तेव्हा रिवाजाप्रमाणे हिला उचलून मी पाच पायऱ्या चढलो होतो. तीस वर्षं ते ऐकवत आलोय. आज हिने माझा दंड धरून मला अख्खा गड उतरवला.

खाली आल्यावर म्हणाली, "तुमच्या त्या पाच वजा केल्या, तरी बरंच येणं निघतंय."