दोघीच? आणि गाडी कोण चालवणार?

कलियुग म्हणतात ते हेच! पन्नाशी उलटलेल्या बायकांनी गुडघ्यांना तेल चोळत चारधाम करावं. फार तर टूर कंपनीच्या बसने युरोप बघावा, आल्प्सच्या पायथ्याशी कांदेपोहे खावेत. ही आपली रीत. पण सध्या भिशीत काय शिजतंय, ठाऊक आहे? शाळेतली मैत्रीण हुडकायची, नवऱ्याच्या डब्याची सोय लावायची आणि परदेशात भाड्याच्या गाडीने दोघींनीच भटकायचं!

आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचंच घ्या. गेल्या त्या थेट आइसलंडला. का, स्वित्झर्लंड ओस पडलं होतं? सोबत कोण, तर आठवीत हिच्या बाकावर बसणारी. आरटीओतून वर्षभराचा आंतरराष्ट्रीय परवाना काढला, शेंगेन व्हिसाचे कागद जमवले आणि निघाल्या देशाला वळसा घालायला. तो रिंग रोड सुमारे १,३२० किलोमीटरचा, १९७४ साली पुरा झालेला. स्टिअरिंग डावीकडे, गाडी उजवीकडून, आणि डांबरी रस्त्यावरही ताशी ९०च्या वर जायचं नाही!

तिथलं सगळंच जगावेगळं. कित्येक पूल एका गाडीपुरतेच. पुलाच्या जवळ जो असेल तो आधी जातो आणि समोरचा मुकाट थांबतो म्हणे. हॉर्न नाही, शिवी नाही. अशाने माणसाचा सराव नाही का मोडणार? वारा असा, की दार बेसावधपणे उघडलं तर बिजागरीसकट उलटं फिरतं, आणि तो भुर्दंड बहुधा विम्यातही बसत नाही. त्यात उन्हाळ्यात मेंढ्या मोकाट. आई रस्त्याच्या या बाजूला, कोकरू त्या बाजूला दिसलं की वेग कमी करायचा. कोकरू आईकडे धावणारच. सासूबाईंनी तीनदा हाक मारली तरी ज्यांची नजर टीव्हीवरून हलत नाही, त्या वहिनी कोकरांसाठी ब्रेक मारत होत्या!

आणि खरी गोष्ट तर पुढेच आहे. जरा जवळ या, मोठ्याने सांगण्यासारखी नाही. तिथे गावोगावी ऊन पाण्याचे तलाव. पाण्यात उतरण्याआधी बायकांच्या न्हाणीघरात साबण लावून आंघोळ सक्तीची. अंगावर? काही नाही! पोहण्याचा पोशाखसुद्धा नाही. कुठला भाग नीट घासायचा याचं चित्र भिंतीवर, लाल रंगात. कारण काय, तर पाण्यात क्लोरीन कमी घालतात. शिव शिव! मुलाच्या लग्नातही पदर ढळू न देणारी बाई ही. “मग काय केलंत हो?” मी विचारलं. “घासलं,” म्हणाल्या. नुसतं ‘घासलं’!

बरं, दिवेलागणीच्या आत घरी या म्हणावं, तर जूनमध्ये तिथे सूर्य मध्यरात्रीच्या सुमारास बुडतो आणि तरी अंधार होत नाही. निदान कडाकडा भांडल्या तरी असतील, म्हणून आम्ही आशेने कान टवकारले. भांडल्या एकदाच, पेट्रोल पंपावर. हॉटडॉगवर कांदा कच्चा घ्यायचा की तळलेला? तिथे दोन्ही घालून देतात. मिटलं!

आता पुरुषमंडळींनाही हुरूप आलाय. वहिनींचे यजमान कॉलेजच्या मित्राबरोबर न्यूझीलंडला निघालेत. तिथे गाडी आपल्यासारखी डावीकडूनच चालते ना! सगळं ठरलं, फक्त पासपोर्ट कुठल्या कपाटात आहे तेवढं कळेना. विचारायला वहिनींना फोन लावला, तर वहिनी नॉर्वेत.