गडग्यावरची रेंज

रेडीतल्या आमच्या घरात मोबाइलला रेंज नाही. ती मिळते गडग्यापाशी. तीही गडग्याच्या डाव्या टोकाला, जिथला एक चिरा निसटलाय त्यावर पाय ठेवून कान यशवंतगडाच्या दिशेला केला तर. ही जागा आईने शोधली. तिचा त्या जागेवरचा हक्क अख्खी वाडी मानते.

संध्याकाळी चहा झाला की शेजारपाजारचे चार-पाच जण तिथे जमतात. फोन मिनिटभराचा. मग रेंजच्या नावाने बोटं मोडायची, ती दिवेलागणीपर्यंत.

"पैशे घेवक बरे येतत, रेंज देवक नाय," अशी सुरुवात शेजारची काकी करते. तात्यांचं संशोधन पुढचं. रेडीच्या जमिनीत लोखंड आहे, आणि लोखंड रेंज ओढून घेतं. खाणीतलं एवढं खनिज बंदरातून बोटींनी गेलं, तरी उरलेलं पुरून उरतंय म्हणे. यावर कुणीतरी विचारलं, "मगे गडग्यार कशी येता?" तात्या जराही डगमगले नाहीत. "थयसर लोखंड कमी आसतला."

मी एकदा, कुठून बुद्धी झाली कोण जाणे, म्हटलं की आपण सगळ्यांच्या सह्या घेऊन रीतसर अर्ज करूया. सगळे गप्प झाले. ऐन गजालीत मी उठून राष्ट्रगीत सुरू केल्यासारखे माझ्याकडे बघू लागले. काकीने विषय बदलला आणि बांगड्याचा भाव काढला.

आता हे गाव काही हातावर हात ठेवून बसणाऱ्यांचं नाही. 1976 साली इथे खाणीवरच्या एका ट्रक ड्रायव्हरला झोपेत दृष्टांत झाला. माणसांनी त्या शब्दावर जमीन खणली आणि द्विभुज गणपती वर आला. मागाहून उंदीरही मिळाला. एका स्वप्नासाठी एवढी माती उपसणारं गाव, पण फोनमधलं सेटिंग उघडायचं म्हटलं की सगळ्यांचे चष्मे घरी राहिलेले असतात. माझा तर गळ्यात असतो, तरी.

मे महिन्यात पुण्याहून भाची आली. घरात वायफाय आहे. दोन वर्षांपूर्वी घेतलं, त्यावर आई मालिका बघते. भाचीने भिंतीवर टकटक केलं. "मामा, दीड फुटी चिऱ्याची भिंत आहे. रेंज आत येणार कशी? वायफाय कॉलिंग चालू करायचं ना!" तिने आईचा फोन घेतला, बोटाने काहीतरी वर सरकवलं, एक बटण हिरवं केलं आणि आंबा खायला निघून गेली. अर्धं मिनिटही लागलं नसेल.

त्या संध्याकाळी गडग्यावर बातमी पोचली. कुणालाही आनंद झाला नाही. तात्यांनी लोखंडाचा विषय काढून बघितला, पण त्यात पूर्वीचा जोर नव्हता. काकी म्हणाली, "आता तुमका काय, घरातच सगळा." हे तिने आम्ही वेगळी चूल मांडल्याच्या सुरात म्हटलं. दुसऱ्या दिवशी ती आलीच नाही. आई माजघरात बसून मुंबईच्या मावशीशी स्पष्ट, खणखणीत आवाजात बोलली आणि चार मिनिटांत फोन ठेवून म्हणाली, "बोलाक काय उरलाच नाय."

तिसऱ्या दिवशी फोन वाजला तशी आई उठली. चपला घातल्या, फोन कानाला लावला आणि बोलत बोलत सवयीने गडग्याकडे निघाली. घरातलं वायफाय मागे राहिलं, गडग्यावरची रेंज अजून पुढे होती. मधल्या खळ्यात, तुळशीपाशी, फोन तुटला.

आईने फोनकडे बघितलं. मग गडग्याकडे बघून हाक मारली, "अगो आयकलंस? ह्या वायफाय तुळशीच्या फुडे येना नाय!"

काकी फाटक उघडून धावतच आली. पाठोपाठ तात्या.